राहत्या हॉटेलातला अतिवास्तववाद : पॅरिसच्या ल म्यूरिसच्या निमित्ताने

खडूरेघ (धागाकर्ती)

पॅरिसमध्ये त्विलरी बागेसमोर, कमानींच्या रू द रिव्होलीवर, ल म्यूरिस हे हॉटेल १८३५ सालापासून उभे आहे. पिकासो आणि ओल्गा खोखलोवा यांच्या लग्नाची मेजवानी १९१८ साली येथे झाली. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसमधील जर्मन सेनापतीचे मुख्यालय याच इमारतीत होते आणि ऑगस्ट १९४४ मध्ये जनरल फॉन कोल्टिट्झ येथेच हाती लागला. एवढा इतिहास पदरी असूनही आजच्या हॉटेलला सर्वांत प्रिय आहे ती एका पाहुण्याची आठवण. अतिवास्तववादी (सररिअलिस्ट) चित्रकार साल्वादोर दाली तीसहून अधिक वर्षे दर वर्षी साधारण महिनाभर येथे उतरत असे, आणि तेही स्पेनचा पदच्युत राजा तेरावा आल्फोन्सो जेथे राहिला होता त्याच दालनात.

२००७ साली फ्रेंच सजावटकार फिलिप स्टार्क याने तळमजल्याच्या सजावटीला नवे रूप दिले, तेव्हा त्याने या पाहुण्यालाच सूत्र म्हणून धरले. उपाहारगृहाचे नावच ‘ल दाली’ ठेवले गेले आणि त्याच्या छतावर स्टार्कची मुलगी आरा हिने रंगवलेले १४५ चौरस मीटरचे कापड ताणून बसवण्यात आले. उंच टाचांच्या बायकी बुटांवर उभी असलेली खुर्ची, खण असलेला दिवा आणि रिसीव्हरवर शेवंड बसवलेला दूरध्वनी या दालीच्या ओळखीच्या वस्तू तेथे आल्या. या सगळ्यांत मला सर्वाधिक गुंतवून ठेवणारी गोष्ट मात्र दालीच्या कोणत्याही चित्रातली नाही. प्रवेशदालनात स्टार्कने एक जुन्या घडणीचा आरसा असा बसवला, की त्याच्या पृष्ठभागावर बर्फाचा पातळ थर धरावा.

आरशाची मागची बाजू गोठणबिंदूच्या खाली थंड ठेवली, की हवेतील बाष्प त्याच्यावर हिम होऊन साचते, इतके त्यामागचे शास्त्र साधे आहे. पाहुणा समोर येतो, त्याला स्वतःचा चेहरा दिसत नाही, म्हणून तो बोट लावतो. बोटाच्या उबेने थर वितळून एक रेघ उमटते आणि त्या रेघेच्या रुंदीएवढाच चेहरा त्याला दिसतो. थोड्या वेळाने ती रेघ पुन्हा पांढरी होऊन जाते. येथे कोणाचे चित्र नाही, कोणाची सही नाही आणि ओळखीचे चिन्हही नाही.

माझा प्रश्न असा आहे. शेवंडीचा दूरध्वनी मांडणे ही दालीला दिलेली मानवंदना आहे, याबद्दल वाद नाही. पण ती वस्तू पाहून आपण “अरे, दाली!” असे म्हणतो आणि पुढे जातो, म्हणजे आपल्याला ओळख पटते, धक्का बसत नाही. आरशापाशी नेमके उलट घडते. मग ज्या हॉटेलला अतिवास्तववादी कलेचा आदर करायचा आहे, त्याने त्या कलेतील वस्तू उचलाव्यात, की तिची काम करण्याची रीत उचलावी? मी त्या हॉटेलात मुक्काम केलेला नाही, तो माझ्या आवाक्यातलाही नाही. तेव्हा हा प्रश्न बाहेरून पाहणाऱ्या माणसाचा आहे, हे आधीच मान्य करते.

शंकेखोर

धागा रोचक आहे, परंतु मानवंदना कोण कोणाला देत आहे ते आधी पाहायला हवे. या चळवळीचा प्रवर्तक, फ्रेंच लेखक आंद्रे ब्रतों याने १९२४ साली अतिवास्तववादाचा पहिला जाहीरनामा लिहिला, तेव्हा त्याला दिवाणखाने सजवायचे नव्हते. तर्काच्या पहाऱ्याबाहेर मन जे करते ते मोकळे करावे आणि त्यातून जगण्याची रीतच बदलावी, असा त्याचा दावा होता. १९२७ साली ब्रतों आणि त्याचे काही सहकारी फ्रेंच कम्युनिस्ट पक्षात दाखल झाले, ते काही हौसेखातर नव्हे. त्याच ब्रतोंने पुढे साल्वादोर दाली या नावातील अक्षरांची उलटापालट करून ‘अव्हिदा डॉलर्स’ असे टोपणनाव तयार केले. त्याचा अर्थ डॉलरांचा हावरा, असा घ्यायला हरकत नाही.

त्यामुळे श्रीमंतांच्या हॉटेलात दालीचे स्मरण होते यात मला विसंगती दिसत नाही. दालीचे स्मरण तेथेच व्हायला हवे. विसंगती आहे ती ‘अतिवास्तववादाला मानवंदना’ या शब्दांत. ज्या वस्तूचा हेतू भद्र माणसाला अस्वस्थ करणे हा होता, ती वस्तू त्याच भद्र माणसाला कॉफी पिताना सुखावह वाटू लागली, तर मानवंदना झाली असे म्हणावे की उत्तरक्रिया झाली असे म्हणावे?

आपल्या आरशाबद्दल मात्र थोडा विचार करायला हवा, हे कबूल करतो.

जिना

माझा व्यवसाय अंतर्गत सजावटीचा आहे, म्हणून शंकेखोर यांच्या एका गृहीतकाला हरकत घेतो. दिवाणखाने सजवणे हे अतिवास्तववाद्यांना कमीपणाचे वाटत होते, असे इतिहास सांगत नाही. उलट खोली, तिचा अंधार, वास, पायांखालची जमीन या सगळ्यांवर त्यांनी फार गंभीरपणे काम केले होते.

जानेवारी १९३८ मध्ये पॅरिसच्या गॅलरी बोझारमध्ये जे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, त्याचे वर्णन मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. अंगणात दालीची मोटार उभी होती. पाऊस तिच्या बाहेर नव्हे तर आत पडत होता आणि आतल्या पुतळ्याच्या अंगावर जिवंत गोगलगायी फिरत होत्या. पुढे मधल्या दालनात मार्सेल द्युशाँ या कलावंताने छताला बाराशे कोळशाची पोती टांगली होती. त्या पोत्यांत कोळसा नव्हता, कागद भरलेले होते. पण खाली शेगडी ठेवलेली असल्यामुळे पाहणाऱ्याच्या पोटात गोळा यावा अशीच सोय होती. जमिनीवर वाळलेली पाने पसरली होती, भाजत्या कॉफीचा वास येत होता, आणि दालन इतके काळोखे होते की चित्रे पाहण्यासाठी प्रेक्षकांच्या हाती विजेऱ्या देण्यात आल्या. आणि मुख्य म्हणजे त्या दालनाच्या चार कोपऱ्यांत चार पलंग मांडलेले होते, चुरगळलेल्या चादरींसह.

आता सांगा, पलंग, चादरी, कॉफीचा वास आणि अंधारात वाट शोधणारा परका माणूस, हे हॉटेल नाही तर काय आहे? ही गॅलरी ल म्यूरिसपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर होती. म्हणून मला असे वाटते की हॉटेल ही अतिवास्तववादाला परकी जागा नाही. माणूस अनोळखी खोलीत अर्धवट झोपेतून जागा होतो आणि खिडकी कोणत्या बाजूला आहे हे त्याला क्षणभर कळत नाही. या चळवळीला जो क्षण हवा होता, तो हॉटेल दर रात्री प्रत्येक खोलीत काही खर्च न करता निर्माण करते. सजावटकाराने तो क्षण पुसून टाकायचा की थोडा लांबवायचा, एवढेच ठरवायचे असते.

दुसरे उदाहरण बेस्तेगी यांच्या घराचे. शार्ल द बेस्तेगी या धनिकासाठी १९३० च्या आसपास वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी पॅरिसच्या शाँजेलिझे या हमरस्त्यावर गच्चीचे घर बांधले. ल कॉर्ब्युझिए अतिवास्तववादी मुळीच नव्हते, घराला ते राहण्याचे यंत्र म्हणत. तरीही त्या घराच्या सर्वांत वरच्या गच्चीवर भिंती माणसाच्या डोळ्यांइतक्या उंच घेतल्या होत्या, जमिनीवर गालिचाच्या जागी हिरवळ होती, आणि एका भिंतीत शेकोटी होती. डोक्यावर छत नव्हते, नुसते आकाश. भिंतीवरून आर्क द ट्रिआँफ या विजयकमानीचा फक्त माथा डोकावत असे, जणू शेकोटीच्या फळीवर कोणी शोभेची वस्तू ठेवली आहे. यात एकही विचित्र वस्तू नाही हे लक्षात घ्या. शेकोटी नेहमीची, हिरवळ नेहमीची. फक्त ज्या जागेचे आपण छत गृहीत धरतो ते काढून घेतले. ते घर आता राहिलेले नाही, छायाचित्रे मात्र आहेत आणि ती पाहताना अजूनही पायांखालची जमीन किंचित सरकते.

खडूरेघ यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की वस्तू उचलणे स्वस्त पडते. मी येथे पैशांबद्दल बोलत नाही.

मुक्कामी

मी हॉटेलांच्या हाऊसकीपिंगमध्ये बरीच वर्षे काढली आहेत. कलेतले मला फार कळत नाही, पण कलेची धूळ पुसावी लागते हे चांगले कळते.

दालीच्या ज्या गोष्टी त्या हॉटेलच्या संदर्भात नेहमी सांगितल्या जातात, त्यांत दोन हमखास असतात. एकदा त्याने मेंढ्यांचा कळप खोलीत आणायला लावला आणि त्यांच्यावर पिस्तुलातून खोट्या गोळ्या झाडल्या. दुसऱ्या वेळी त्याने नोकरांना समोरच्या त्विलरी बागेतून माश्या पकडून आणायला सांगितल्या आणि माशीमागे पाच फ्रँक दिले. ऐकणारे हसतात आणि दालीचा विक्षिप्तपणा वाखाणतात. मला मात्र दुसराच माणूस दिसतो. गणवेश घातलेला एक नोकर दुपारच्या उन्हात बागेत उभा आहे, त्याच्या मुठीत माशी गुणगुणते आहे, आणि ती मरू न देता मागच्या जिन्याने वर कशी न्यावी याचा तो विचार करतो आहे. मेंढ्या गेल्यावर गालिचा कोणी आणि कशाने धुतला, हे कोणत्याच कथेत येत नाही. लोकरीतले तेल आणि लेंड्या गालिच्यात मुरल्या की नुसत्या साबणाने निघत नाहीत, एवढे मी खात्रीने सांगतो.

आता सजावटीविषयी. खण असलेला दिवा दिसला की पाहुणा खण उघडतो. तो उघडणारच, खण त्यासाठीच असतो. मी एका हॉटेलात अशा पद्धतीचा दिवा दोन वर्षे सांभाळला. त्याच्या खणांत आम्हाला चॉकलेटचे कागद, एका कानातले डूल, चघळलेले च्युइंगगम आणि एकदा घडी केलेली चिठ्ठी मिळाली. ती चिठ्ठी आम्ही वाचली नाही, हरवलेल्या वस्तूंच्या नोंदवहीत तिची नोंद केली आणि नियमाप्रमाणे मुदत संपल्यावर नष्ट केली. पुढे व्यवस्थापनाने खण खिळे मारून बंद केले. त्यानंतर तो दिवा पाहुण्यांना फारसा आवडेनासा झाला. का, ते कोणीच सांगू शकले नाही, पण येता-जाता त्याला हात लावणे बंद झाले.

आणखी एक गोष्ट सजावटकारांनी ऐकावी. आणीबाणीच्या मार्गावर कोणतीही गंमत नको. कॉरिडॉरमध्ये दार नाही तेथे दार रंगवणे किंवा आहे ते दार भिंतीसारखे करून लपवणे छायाचित्रात छान दिसते. धूर भरल्यावर माणूस वाकून, चाचपडत चालतो, तेव्हा त्याला खरे दारच हवे असते.

खडूरेघ

मुक्कामी, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. खण खिळ्यांनी बंद केल्यावर दिव्याला हात लावणे थांबले, या एका वाक्याने माझ्या प्रश्नाचे निम्मे उत्तर दिले आहे. दालीने १९३६ साली मिलोची व्हीनस या प्राचीन ग्रीक पुतळ्याच्या प्रतिकृतीला खण बसवले, ते केसाळ गोंड्यांच्या मुठी लावून. म्हणजे हात पुढे व्हावा आणि त्याच वेळी मागेही यावा. खण बंद असेल तर उरते फक्त खणाचे चित्र.

शेवंडीच्या दूरध्वनीबाबतही हेच म्हणता येईल. तो १९३८ साली इंग्लंडमधील एडवर्ड जेम्स या आश्रयदात्यासाठी तयार झाला आणि जेम्सने आपल्या घरातल्या साध्या दूरध्वनींच्या जागी असे दूरध्वनी बसवले. शेवंड प्लास्टरची होती आणि नेमकी अशी बसवली होती, की बोलणाऱ्याचे तोंड तिच्या शेपटीपाशी यावे. घंटा वाजली की तो खरोखर उचलून कानाला लावावा लागे. संग्रहालयाच्या काचेआड आणि हॉटेलच्या शोभेच्या मेजावर तो आता वाजत नाही.

काचकपाट

जिना यांनी १९३८ च्या प्रदर्शनातील पलंगांचा उल्लेख केला, म्हणून थोडे आणखी मागे जाते. अतिवास्तववादाचा पहिला मोठा प्रयोग खरोखरच एका हॉटेलात झाला होता, मात्र ते हॉटेल श्रीमंतांचे नव्हते. पॅरिसच्या पाँतेआँ चौकात ओतेल दे ग्राँझोम आहे. त्या नावाचा अर्थ थोर पुरुषांचे हॉटेल असा होतो, कारण समोरच्या पाँतेआँत फ्रान्सच्या थोरांच्या समाध्या आहेत. ब्रतों तेव्हा वैद्यकाचा विद्यार्थी होता आणि जवळच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयामुळे या भागात राहत होता. १९१९ च्या वसंतात त्याने आणि कवी फिलिप सूपो याने मिळून स्वयंचलित लेखन सुरू केले. विषय ठरवायचा नाही, थांबायचे नाही, लिहिलेले सुधारायचे नाही, आणि लेखणी जितकी वेगाने धावेल तितकी धावू द्यायची, असा तो प्रयोग होता. त्याची आठवण देणारी पाटी आज त्या इमारतीवर आहे.

त्या खोलीत काय असेल? एक पलंग, एक मेज, कदाचित हात धुण्याचे भांडे. भिंतीवर विचित्र काही असण्याचे कारणच नाही. मला नेहमी वाटते, की खोली इतकी साधी आणि परकी होती म्हणूनच तो प्रयोग तेथे जमला असावा. घरच्या खोलीत प्रत्येक वस्तू आपल्याशी बोलत असते आणि स्वतःच्या मनाचे ऐकू येत नाही.

दुसरे उदाहरण त्याहून हळवे आहे. जोसेफ कॉर्नेल हा अमेरिकन कलावंत न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील यूटोपिया पार्कवे या रस्त्यावरच्या घरात आई आणि आजारी भावासोबत राहिला. पॅरिसच्या अतिवास्तववाद्यांची कामे त्याने न्यूयॉर्कच्या गॅलरीत पाहिली, त्यांच्यासोबत स्वतःचेही काम १९३२ साली मांडले, पण तो देशाबाहेर कधीच गेला नाही. त्याने काचेच्या दर्शनी बाजूच्या लहान लाकडी पेट्या बनवल्या आणि त्यांतील अनेक पेट्यांच्या आत युरोपातील हॉटेलांची नावे, जुन्या जाहिरातींचे तुकडे चिकटवले. ‘हॉटेल ईडन’ ही १९४५ ची पेटी त्यांतली प्रसिद्ध आहे. आत एक पोपट, एक गुंडाळलेली स्प्रिंग, उडालेल्या पांढऱ्या रंगाच्या भिंती आणि हॉटेलच्या नावाचा फाटका कागद, बास. जेथे कधी उतरायचे नाही अशा हॉटेलची खोली त्याने दोन हातांत मावेल एवढी केली.

ल म्यूरिसच्या छताखाली बसलेल्या कोणालाही मी नावे ठेवत नाही. परंतु अतिवास्तववादी हॉटेल म्हणून माझ्या डोळ्यांसमोर आधी ही पेटी येते आणि मग पाँतेआँसमोरची ती खोली.

शंकेखोर

काचकपाट यांनी माझ्या मनातले माझ्यापेक्षा चांगल्या शब्दांत मांडले. जिना यांच्या प्रतिसादामुळे माझे एक विधान मागे घेतो. खोली सजवणे हे त्या लोकांना वर्ज्य नव्हते हे मान्य. तरी एक शंका राहतेच. १९३८ ची पोती काही आठवड्यांनी उतरवली गेली. हॉटेलची सजावट दहा-वीस वर्षे टिकावी लागते. सतत पाहण्यात असलेली विचित्र वस्तू किती दिवस विचित्र राहते? मुक्कामी यांच्यासारख्या रोज त्याच लॉबीतून जाणाऱ्यांना शेवंड दिसतच नसणार.

जिना

अगदी बरोबर, आणि म्हणूनच चांगला सजावटकार वस्तूपेक्षा कोनावर आणि अंतरावर अधिक मेहनत घेतो. स्पेनमधील फिगेरासच्या दाली संग्रहालयात मे वेस्ट या अभिनेत्रीच्या चेहऱ्याची खोली आहे. ओठ म्हणजे सोफा, नाक म्हणजे शेकोटी, डोळे म्हणजे भिंतीवरची दोन चित्रे. खोलीत तुम्ही सरळ उभे राहिलात तर दिसते ते चार सुट्या वस्तूंचे दुकान. एका जिन्याने वर चढून, उंटाच्या पोटाखाली टांगलेल्या भिंगातून पाहिले, की ते सारे एकदम जुळते आणि चेहरा होतो. खाली उतरले की पुन्हा सोफा. दालीने हे आधी तिशीच्या दशकात कागदावर रंगवले होते. प्रत्यक्ष खोली वास्तुकार ऑस्कर तुस्केत्स यांच्यासह सत्तरच्या दशकात उभी राहिली.

आणि टांगण्याची जागा किती महत्त्वाची, याचे उदाहरण बेल्जियन अतिवास्तववादी चित्रकार रने माग्रीत याचे. शेकोटीतून धूर सोडत बाहेर येणारे रेल्वेचे इंजिन, हे त्याचे १९३८ चे चित्र एडवर्ड जेम्सने घेतले. त्याच्या फ्रेंच नावाचा अर्थ भोसकलेला काळ असा होतो. माग्रीतची अपेक्षा होती, की जेम्स ते जिन्याच्या पायथ्याशी लावील, म्हणजे वर जाणाऱ्या पाहुण्यांच्या अंगावर ते इंजिन यावे. जेम्सने ते खऱ्या शेकोटीवर टांगले. मी कितीदा तरी विचार केला आहे, की बिचाऱ्या माग्रीतला ते कळले तेव्हा त्याने कपाळाला हात लावला असेल का. शेकोटीवर शेकोटीचे चित्र म्हणजे विनोद झाला. जिन्याच्या पायथ्याशी तो अपघात ठरला असता.

फिरस्ता

बराच वेळ वाचत होतो. माझ्याकडे सिद्धांत नाही, एक अनुभव आहे, तो सांगतो. हॉटेलचे नाव आणि शहर सांगत नाही, कारण तक्रार करण्याचा हेतू नाही.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त मी एका हॉटेलात तीन रात्री राहिलो. हॉटेलची सारी सजावट अतिवास्तववादी चित्रांवरून केलेली होती. लॉबीत गोल टोप्या हवेत तरंगत होत्या, जिन्याच्या कठड्यावर वितळलेले घड्याळ होते, छतावर ढग होते. शंकेखोर म्हणतात तसेच झाले. पहिल्या संध्याकाळी मी छायाचित्रे काढली आणि दुसऱ्या सकाळी मला त्यांतले काहीही दिसेनासे झाले.

खोलीत पलंगाच्या उजव्या हाताला भिंतीवर एक दार रंगवलेले होते. किंचित उघडे, पलीकडे समुद्र आणि पितळी मूठ. रंगकाम उत्तम होते, मुठीवर खिडकीची झळाळीसुद्धा होती. न्हाणीघराचे खरे दार डाव्या बाजूला होते. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास मी उठलो आणि दिवा न लावता घरच्या सवयीने उजवीकडे गेलो. हात पुढे केला, मूठ पकडायला बोटे वळवली, आणि बोटे गुळगुळीत, गार भिंतीवरून घसरली. त्या क्षणी जे वाटले ते मला अजून नीट सांगता येत नाही. भीती नव्हती. समुद्र पलीकडे आहे आणि मला आत घेत नाही, असे काहीसे वाटले. मग हसू आले, मग अंगठा ठेचकाळला आणि सर्व कलाविचार संपला.

सकाळी पडदे उघडल्यावर मी ती जागा जवळून पाहिली. तेथे रंगावर एक मळकट, तेलकट डाग होता, तळहाताएवढा, मधे गडद आणि कडांना विरळ होत गेलेला. म्हणजे मी पहिला नव्हतो. माझ्याआधी कितीतरी माणसे तीन वाजता उठून समुद्राकडे गेली होती.

लॉबीतल्या टोप्यांपैकी एकही आठवत नाही. तो डाग आठवतो.

मुक्कामी

असे डाग आम्ही ओल्या मऊ फडक्याने पुसतो. रंगवलेल्या भिंतीवर घासता येत नाही, रंग जातो; म्हणून ते पूर्ण कधी निघत नाहीत आणि थर साचत राहतो. आपण पाहिलेला डाग अनेक महिन्यांचा असावा.

खडूरेघ

फिरस्ता, एक बारीक प्रश्न विचारते, राग मानू नये. तो डाग रंगवलेल्या मुठीवर होता का?

फिरस्ता

राग कसला. आपण विचारल्यावर लक्षात आले, की नव्हता. मुठीच्या खाली, साधारण वीतभर खाली होता. मुठीवरचा रंग स्वच्छ होता. तेव्हा मला त्याचे नवल वाटले नाही, आता वाटते आहे.

जिना

मला वाटत नाही. खऱ्या दाराची मूठ जमिनीपासून साधारण एक मीटरवर असते आणि आपला हात ती उंची आयुष्यभर शिकलेला असतो. भिंतीवर दार रंगवणारा चित्रकार बहुधा उभा राहून, मूठ डोळ्यांना पटेल अशा जागी काढतो आणि ती थोडी वर जाते. दिवसा हे कोणाच्याही लक्षात येत नाही. अंधारात मात्र पाहुणे चित्रातली मूठ धरायला गेलेच नव्हते; ते आपापल्या घरची मूठ धरत होते.

मुक्कामी

अशा खोलीच्या साफसफाईच्या यादीत मी आता “मुठीखाली वीतभर” असे लिहून ठेवीन. पुसायचे की नाही, ते त्या पाळीच्या माणसाने ठरवावे.